रस्ता मोकळा करा, पण प्रश्न गाडू नका



भातावरच्या करप्याबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांना उद्या सविस्तर लिहितो. आज पिकाची नोंद नाही. विषय बांधापलीकडचा आहे, पण कधी ना कधी आपल्या बांधापर्यंत येणारा आहे.

धरण, खाण, पाइपलाइन, रिफायनरी, वीज प्रकल्प असं काही आलं की गावकरी विरोध करतात. विरोध वाढला की रस्ता अडवतात, नाहीतर मशिनपुढे आडवे पडतात. कायद्याच्या भाषेत हे बेकायदा. मग सरकारने काय करावं? यावर आपल्याकडे दोनच तऱ्हेचं बोलणं ऐकायला मिळतं. एकजण म्हणतो, चार दांडके हाणा, सगळे सरळ होतील. दुसरा म्हणतो, लोक रस्त्यावर आलेत म्हणजे प्रकल्प रद्दच झाला पाहिजे. मला दोन्ही पटत नाही. का ते सांगतो. जरा लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी आमच्या मावळातलंच घेऊ. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते धरणातून नदीत सोडतात आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका उचलते. महापालिकेचं म्हणणं असं की नदीतून येताना पाणी वाया जातं, घाण होतं, म्हणून धरणापासून शहरापर्यंत थेट बंद पाइप टाकू. नदीकाठच्या शेतकऱ्याचं म्हणणं असं की पाणी पाइपात गेलं की उन्हाळ्यात नदी कोरडी पडणार, मग आमच्या मोटारी काय वाळू उपसणार? शिवाय धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातल्या कितीतरी खातेदारांचं पुनर्वसन तसंच रखडलेलं. आधी ते करा, मग पाइपाचं बोला, असं लोक म्हणत होते.

आता बघा, हा प्रश्न मुळात हिशोबाचा आहे. पाइप टाकल्यावर फेब्रुवारी ते मे नदीत किती पाणी सोडणार? ते कोण मोजणार? नाही सोडलं तर शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची? या तीन प्रश्नांची उत्तरं सही-शिक्क्यानिशी हातात पडली असती तर निम्मा गाव घरी बसला असता. राहिलेल्या निम्म्याशी पुनर्वसनावर बोलता आलं असतं.

झालं काय? ९ ऑगस्ट २०११ ला शेतकऱ्यांनी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. नंतर चौकशी आयोग बसला. पाइपलाइनचं काम थांबलं ते थांबलंच. त्यावरची स्थगिती उठायला २०२३ साल उजाडलं.

म्हणजे बारा वर्षं. रस्ता त्याच दिवशी मोकळा झाला असेल. पण शहराला पाइपातून पाणी मिळालं नाही, नदीकाठच्या शेतकऱ्याला लेखी हमी मिळाली नाही, आणि तीन घरांतली माणसं गेली ती गेली. ज्यांना वाटतं की दांडक्याने विकास लवकर होतो, त्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रत्नागिरीत जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात नाट्याजवळ जमाव रस्त्यावर आला. तिथेही गोळीबार झाला, एकजण गेला. ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प म्हणून गाजावाजा झालेला. आजपर्यंत तिथे एक युनिट वीज तयार झालेली नाही.

तिसरं उदाहरण रिफायनरीचं. आधी ती नाणारला जाहीर झाली. विरोध झाला, २०१९ मध्ये तिथली रद्द केली. मग बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणासाठी बोअर मारायला मशिनी आल्या आणि बरोबर पोलिसांचा ताफा आला. बायका सड्यावर उन्हात बसल्या, रस्त्यावर आडव्या झाल्या. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला. आपण मातीपरीक्षण म्हटलं की शेतात चार कोपरे फिरून अर्धा किलो माती पिशवीत भरतो. तिथे मातीपरीक्षणाला जमावबंदी लागली. लोकांचं म्हणणं साधं होतं: प्रकल्प हवा की नको हे आम्हाला अजून कुणी विचारलंच नाही, आणि तुम्ही भोकं पाडायला आलात?

हे आजचंही नाही. आमच्या शेजारच्या मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, काम बंद पाडलं. सेनापती बापट त्यात होते, तुरुंगात गेले. सरकार इंग्रजांचं होतं. त्याने धरपकड केली, धरण बांधून घेतलं. शंभर वर्षं झाली. आपलं सरकार आलं, पण आंदोलन दिसलं की आधी बंदोबस्त आणि मग बघू, ही रीत फारशी बदलली नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी रास्ता रोकोच्या बाजूने आहे. तसं नाही.

रस्ता आपलाही असतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातल्या एका रास्ता रोकोत माझा काकडीचा टेम्पो पाच तास उभा होता. बाजारात पोचला तेव्हा लिलाव उरकलेला, माल पिवळा पडायला लागलेला. मिळेल त्या भावात देऊन टाकला. आंदोलन शेतकऱ्यांचंच होतं आणि नुकसानही शेतकऱ्याचंच झालं. माझी काकडी गेली, ती परत लावता येते. त्या रांगेत बाळंतीण असती तर? दुधाचा टँकर तापतो, द्राक्षाचा कंटेनर बंदरावर चुकतो. यातलं काहीही प्रकल्पवाल्या कंपनीचं नसतं.

दुसरं असं, की रस्ता अडवण्याची ताकद सगळ्यांकडे नसते. ज्या गावात चाळीस ट्रॅक्टर आहेत, आमदाराचा शब्द आहे, ते गाव हायवे बंद करू शकतं. कातकरी वस्तीतली पंधरा घरं काय बंद करणार? सरकार फक्त रस्ता अडवणाऱ्याचंच ऐकायला लागलं तर मुकाट्याने अर्ज देणारा कायम मागेच राहणार. आणि काही आंदोलनं कशी मिटतात ते आपण सगळे बघतो. पुढाऱ्याला मुरूम टाकायचा ठेका मिळाला, पोराची गाडी कंपनीत लागली, की पर्यावरण सुधारतं आणि मंडप उठतो. मागे राहतात फक्त केस अंगावर घेतलेली साधी माणसं.

कोर्टानेही हे सांगितलंय. ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीनबागेच्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विरोध करण्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. मला हे मान्य आहे.

माझं म्हणणं एवढंच, की रस्ता आणि प्रकल्प हे दोन वेगळे विषय आहेत. रस्ता अडवणं बेकायदा आहे म्हणून त्या लोकांची मागणी बेकायदा ठरत नाही. आणि मागणी रास्त आहे म्हणून रस्ता अडवणं कायदेशीर होत नाही. सरकार काय करतं? रस्ता मोकळा केला की प्रकल्पाचा प्रश्नही मिटला असं समजतं. नाहीतर उलट, रस्ता अडला म्हणून घाबरून कसलीही चौकशी न करता स्थगिती देऊन टाकतं. दोन्ही वेळा मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही.

रास्ता रोकोची सवय लोकांना लावली कुणी, तेही बघू. समजा तुमच्या विहिरीजवळून खाणीचा रस्ता जाणार आहे. तुम्ही तहसील कार्यालयात अर्ज दिला. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. सहा महिने काही नाही. मग प्रांताकडे, कलेक्टरकडे, मंत्रालयात. उत्तर आलंच तर 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे'. मग एक दिवस गाव रस्त्यावर बसतं. अर्ध्या तासात तहसीलदार हजर. निवेदन स्वीकारतात, फोटो काढतात, पेपरात येतं. निवेदन तेच असतं, बरं का. सहा महिन्यांपूर्वी टेबलावर दिलेलं आणि रस्त्यावर दिलेलं, कागद एकच. मग लोकांनी काय शिकावं? पाण्याला चारीतून वाट दिली नाही की ते बांध फोडून जातं. आपण बांधाला दोष देत नाही, चारी का बुजली ते बघतो.

मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी असते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत ती लिहिलेली आहे. ३० दिवस आधी जाहिरात द्यायची, कलेक्टर किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसायचं, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, शेवटी कामकाज लोकांना वाचून दाखवायचं. ऐकायला चांगलं आहे. पण तिथे किती लोक हजर पाहिजेत याला मर्यादा नाही, मतदान नाही, आणि सुनावणी होते तेव्हा जागा बहुधा ठरलेली असते. लोकांना वाटतं ही नुसती हजेरी आहे. म्हणून मग सुनावणीच उधळतात.

विचारलं तर लोक बोलतात, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. रायगडात पेणकडे महामुंबई सेझचा वाद पेटला होता. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं, जमीन द्यायची की नाही. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही ती गोष्ट वेगळी, पण मत शांततेत झालं आणि पुढे ते भूसंपादनही बारगळलं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या, बाराही गावं नाही म्हणाली. खाण झाली नाही.

आणि विचारल्यावर लोक दरवेळी नाहीच म्हणतात असंही नाही. समृद्धी महामार्गाला सुरुवातीला बऱ्याच गावांत कडक विरोध होता. मोजणीवाल्यांना शिवारात येऊ देत नव्हते. मग थेट खरेदी आली, मोबदला पाचपटीपर्यंत गेला, रक्कम खात्यावर यायला लागली, तसा बहुतेक ठिकाणचा विरोध निवळला. ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला. त्यात सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. पण समोरच्याचा नेमका प्रश्न कोणता आहे, पैशाचा, पाण्याचा, की देवाच्या डोंगराचा, हे ओळखून उत्तर द्यावं लागतं. नियमगिरीला पाचपट पैसे देऊन काम झालं नसतं. आणि पवनेच्या काठी पैशाआधी पाण्याची हमी लागते.

आता केसेसचं. रस्त्यात अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे दंड आहे, ५ हजारांपर्यंत. कुणाला बेकायदा अडवून धरलं तर कलम १२६ प्रमाणे एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदाच याला लहान गुन्हा समजतो. पण प्रत्यक्षात फिर्यादीत पाच नावं लिहितात आणि पुढे 'व इतर दीडशे ते दोनशे जण'. या 'व इतर' मध्ये पुढे कुणालाही बसवता येतं. त्यात सरकारी कामात अडथळ्याचं जड कलम चिकटवतात. मग वर्षानुवर्षं तारखा. गावातला पोरगा पोलीस भरतीत धावून पास होतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. पासपोर्ट अडतो. आणि पुढे सरकार बदललं, निवडणूक आली, की शासन निर्णय निघतो: जीवितहानी नाही आणि नुकसान ५ लाखांच्या आत आहे अशा राजकीय-सामाजिक आंदोलनातल्या केसेस मागे घ्या. म्हणजे लावताना सरसकट आणि काढताना मर्जीने. दगड मारणाराही सुटतो आणि नुसता उभा राहिलेला दहा वर्षं हेलपाटे घालतो. याला कायद्याचा धाक म्हणत नाहीत.

मग सरकारने करावं काय? माझ्या दहावी पास बुद्धीला जे सुचतं ते मांडतो.

१) लेखी हरकतीला लेखी उत्तर, मुदतीत, मुद्द्याला मुद्दा धरून. तीस दिवस घ्या, साठ घ्या. पण उत्तर हातात पडेपर्यंत त्या जागी मशिन जाता कामा नये. रस्ता अडवला म्हणून थांबवायचं नाही, हरकत बाकी आहे म्हणून थांबवायचं. मग शांत बसलेल्या वस्तीलाही तोच न्याय मिळतो.

२) रस्ता अडवलाच तर तो मोकळा करायचा. पण तहसीलदार किंवा प्रांत स्वतः जागेवर पाहिजेत. मराठीत, माइकवरून, किती वेळ दिलाय ते सांगायचं. अॅम्ब्युलन्स, दूध, शाळेची गाडी पहिल्या मिनिटापासून सुटली पाहिजे. वेळ संपली की हाताने उचलून बाजूला करायचं, बायकांना महिला पोलिसांनी. सगळ्याचं चित्रीकरण. निःशस्त्र जमावावर गोळी नाही. रस्ता दोन तास उशिरा मोकळा झाला तर भरून निघतं, गेलेला माणूस भरून निघत नाही.

३) बोलणी करायला ज्याला निर्णयाचा अधिकार आहे तोच माणूस पाठवा. 'वर कळवतो' म्हणणारा नको. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून दोन्हीकडच्या सह्या.

४) गुन्हा नावानिशी आणि कृत्यानिशी. नुसता बसला त्याला दंड, संध्याकाळी घरी. गाडी जाळली, ड्रायव्हरला मारलं, पोलिसाचं डोकं फोडलं, त्याच्यावर पक्ष न बघता खटला, आणि तो मागे घ्यायचा नाही. 'व इतर' बंद.

५) एकाच खोऱ्यात जुन्या प्रकल्पाचं पुनर्वसन बाकी असेल तर नवीन प्रकल्पाच्या कागदात पहिलं पान त्याचं पाहिजे. जुनी उधारी ठेवून दुकानदारही नवीन माल देत नाही.

६) जिथे कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहे, पेसा, वनहक्क, तिथे नाही म्हणजे नाही. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना २०१३ च्या कायद्यात ८० टक्के संमती लिहिलीय, तर ती खरी घ्या. जिथे सरकारला विरोध डावलूनही काम करायचंय, तिथे का डावलतोय ते मंत्र्याने सही करून लिहावं.

आणि हेही स्पष्ट लिहितो, कारण काहींना आवडणार नाही. एवढं सगळं झालं, उत्तर मिळालं, बोलणी झाली, कोर्टात गेलो आणि कोर्टाने स्थगिती दिली नाही, तरीही परत परत रस्ता अडवत राहिलो, तर सरकारने ठामपणे आपल्याला उठवावं आणि काम पुढे न्यावं. शहरातल्या माणसालाही पाणी लागतं, आपल्या मोटारीलाही वीज लागते. पण हा ठामपणा दाखवायचा अधिकार सरकारला आधीच्या पायऱ्या चढल्यावरच येतो. पहिल्याच दिवशी काठी उगारायची आणि त्याला ठामपणा म्हणायचं, हे चालणार नाही.

शेवटी आपलं काम. या पानावर शेतकरी आहेत, तसे कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्रही आहेत. प्रकल्प येतो तेव्हा कंपनीकडे जाडजूड अहवाल असतो आणि आपल्याकडे नुसता आवाज असतो. मोटार पूर्वी किती तास चालायची, एप्रिलमध्ये विहिरीला किती पाणी असायचं, याची नोंद आपल्याकडे नसते. मग नंतर नुकसान सिद्ध कसं करणार? म्हणून आजपासून करा. दर महिन्याच्या १ तारखेला विहिरीत दोरी सोडून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहा. नदीवर मोटार असेल तर फूटव्हॉल्व्ह कधी उघडा पडला ती तारीख लिहा. सातबाऱ्यावर पीकपाहणी खरी नोंदवा, पडीक दाखवू नका. गावातली दहा-वीस जणांची नोंद एकत्र करून ग्रामसभेत वाचा, ठरावाला जोडा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. आकडे कसे मांडायचे हे शिकलेल्या मित्रांनी गावाला शिकवावं. त्याला काही मोठा खर्च नाही, एक रविवार पुरतो.

तुमच्या भागात असा एखादा प्रकल्प आला असेल आणि हरकतीला खरोखर लेखी उत्तर मिळालं असेल, तर ते कसं मिळालं ते जरूर कळवा. इतर गावांना उपयोग होईल.

विहिरीची नोंद कशी ठेवायची त्याचा कोरा तक्ता परवा इथेच टाकतो.